तिसरी चौकट

आमच्या ऑफिसात बाईंना सगळे 'कुणाकडून' म्हणायचे. पाठीमागेच म्हणायचे, पण बाईंना ते ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. बावीस वर्षं त्या दारोदार फिरून दोनच प्रश्न विचारत आल्या होत्या. ही बातमी तुम्हाला कुणाकडून कळली? आणि पुढे तुम्ही ती कुणाला पाठवलीत? चहाच्या वेळी कुणी सहज म्हणालं, "ऐकलंत का, भांडारातला कारकून नोकरी सोडतोय," की बाईंच्या तोंडून आपोआप निघायचं, "कुणाकडून कळलं?" मग आम्ही हसायचो आणि बाईही हसायच्या.

त्या उंच, सडपातळ आणि कमालीच्या नीटनेटक्या होत्या. पिशवीत टोक केलेल्या चार पेन्सिली, एक खोडरबर, पाण्याची बाटली आणि फॉर्मांचा गठ्ठा. खोडरबर फक्त स्वतःची चूक खोडायला. समोरच्याचं उत्तर कितीही वेडगळ असलं तरी त्या जसंच्या तसं उतरवून घ्यायच्या. एका म्हाताऱ्याने सांगितलं होतं की बातमी त्याला त्याच्या पोपटाकडून कळली. बाईंनी लिहिलं, 'पोपट'. मी विचारलं, "बाई, हे मी कंप्युटरमध्ये कसं भरू?" तर म्हणाल्या, "ते तू बघ. विचारणाऱ्याने उत्तर निवडायचं नसतं."

माझं काम ते भरायचं. बाईंसारख्या सहा जणी फॉर्म आणायच्या, मी ते कंप्युटरात घालायचो आणि त्यातून आमचे साहेब मॉडेल बनवायचे. मॉडेल म्हणजे काय, असं मला बरेच जण विचारतात आणि उत्तर ऐकून त्यांची निराशा होते. शहराचे भाग पाडायचे आणि प्रत्येक भागाला एक आकडा द्यायचा, एवढंच. शंभर जणांना मोबाइलवर निरोप मिळाला, तर त्यातले किती जण तो पुढे ढकलतात, तो हा आकडा. तो कळला की निरोप किती वेळात किती घरांत पोचेल, हे साहेब पडद्यावर रंगीत ठिपक्यांनी दाखवायचे. नगरपालिकेला याचं भारी कौतुक. सूचना कुठे मोबाइलवर पाठवायची आणि कुठे भोंग्याची गाडी फिरवायची, हे ती या ठिपक्यांवरून ठरवायची.

टेकडीवरच्या भागाचा आकडा होता एकसष्ट. तिथे आम्ही बहुतेक ऑफिसवाले राहायचो, बाईसुद्धा. टेकडीवरची माणसं निरोप वाचत नाहीत, नुसता पुढे ढकलतात. एका हरवलेल्या कुत्र्याचा निरोप तिथे तीन वर्षं फिरत होता. कुत्रं दुसऱ्याच दिवशी सापडलं होतं, पुढे म्हातारं होऊन मेलंही, पण निरोप अजून 'कृपया शोधण्यास मदत करा' म्हणत दारोदार हिंडतच होता.

पुलापलीकडच्या भागाचा आकडा होता चार. शिलाईच्या खोल्या, धुलाईची दुकानं, छोटे कारखाने, मागे दोन-दोन खोल्यांची घरं आणि दारं थेट रस्त्यावर उघडणारी. मोबाइल घरोघरी होते. पण निरोप आला की तिथेच बसायचा. साहेब म्हणायचे, हा मुका भाग आहे.

बाईंचा जन्म याच मुक्या भागातला. आई लहानपणी गेली. दहा वर्षांनी मोठ्या असलेल्या ताईने त्यांना वाढवलं, वेण्या घातल्या, शिकवलं. पुढे बाई नोकरीला लागून टेकडीवर आल्या, लग्न केलं नाही. ताई तिथेच राहिली. धुलाईच्या दुकानाला लागून तिचं इस्त्रीचं दुकान होतं आणि टेकडीवरचे निम्मे शर्ट तिच्या हाताखालून जायचे, माझेही. दर रविवारी बाई पूल ओलांडून ताईकडे जायच्या. ताई इस्त्री करायची, भाची बटणं लावायची आणि बाई कपड्यांच्या घड्या मोजायच्या. मोजण्याशिवाय बाईंना चैन पडायचं नाही.

"तो आकडा खोटा आहे," बाई मला एकदा म्हणाल्या. माझ्या टेबलाशी उभ्या राहूनच म्हणाल्या, बसल्यासुद्धा नाहीत. "तिथली माणसं मुकी नाहीत. ती बातमी पाठवत नाहीत, जाऊन सांगतात. काल एका शिंप्याला विचारलं, कारखाना बंद होणार ही बातमी पुढे पाठवलीत का? तर म्हणाला, पाठवायची कशाला, मी गेलो की सांगायला. सहा घरं फिरला तो. आणि तुझ्या फॉर्ममध्ये दोनच चौकटी. पाठवली, नाही पाठवली. मी खूण कुठे करू?"

"मग कुठे केलीत?"

"नाही पाठवलीवर. खरं तेच होतं."

"झालं तर मग."

"झालं काय? सहा घरं फिरला ना तो! तिसरी चौकट दे. जाऊन सांगितली."

मी हसलो. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते, पण तेव्हा हसलो. "बाई, पायाने चालणारी बातमी कंप्युटरला दिसत नाही," असं काहीतरी हुशारीचं बोललो. खरं कारण वेगळंच होतं. चौकट वाढवायची तर चार वर्षांचे जुने फॉर्म पुन्हा भरावे लागले असते, आणि ते मलाच करावं लागलं असतं. मी साहेबांकडे गेलो ते बाईंचं म्हणणं मांडायला नव्हे, ते कसं जमणार नाही हे सांगायला. साहेबांनी मान डोलावली. त्यांना तिकडचा आकडा चारच आवडत होता, चित्र स्वच्छ दिसायचं.

बाई जाता जाता म्हणाल्या, "शिंप्याने आणखी एक सांगितलं. वाईट बातमी तर आमच्यात कधीच फोनवर देत नाहीत, म्हणाला. जाऊन, समोर बसून सांगतात. फोनवर फक्त परक्यांना कळवतात." त्यांनी हेही फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून आणलं होतं. मागची बाजू मी कधी वाचत नसे.

बाईंच्या टेबलामागे भिंतीला एक पुठ्ठा लावलेला होता. त्यावर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, 'विचारणाऱ्याने बातमी सांगायची नाही.' त्यामागे एक जुनी गोष्ट होती. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी पुलापलीकडचा रस्ता महिनाभर बंद होणार होता. ही बातमी तिथे कशी पोचते ते मोजायचं होतं. त्याआधीच बाई रविवारच्या गप्पांत ताईला बोलून गेल्या. ताईने समोरच्या शिलाईवालीला सांगितलं आणि संध्याकाळपर्यंत चारशे घरांना कळलं. तीन आठवड्यांची पाहणी वाया गेली. बाईंनी स्वतःहून लेखी कबुली दिली, स्वतःचे सगळे फॉर्म फाडले, पुठ्ठा कापला आणि भिंतीला लावला. त्यानंतर एकोणीस वर्षं त्यांनी तोंडाला कुलूप घातलं. सकाळी एकीच्या कानावर घातलेली बातमी संध्याकाळपर्यंत चारशे घरांत जाते, हे बाई सोडून आमच्यातल्या कुणाच्या डोक्यात शिरलं नाही. मुका भाग म्हणे!

तो मंगळवार होता. सकाळी दहाच्या सुमारास पाणी खात्याचं पत्र आलं. मोठी नळवाहिनी फुटून तिच्यात गटाराचं पाणी मिसळलं होतं. शहरभर सूचना द्यायची, पाणी दहा मिनिटं उकळल्याशिवाय कुणी पिऊ नये. सूचना कुठे कशी द्यायची हे पत्राखाली आमच्याच मॉडेलवरून ठरवलेलं होतं. टेकडीवर तीस जणांना निरोप, तेवढ्यावर तो तासाभरात सगळीकडे पसरेल. पुलापलीकडे निरोप नको, उपयोग नाही. तिथे अकरा वाजता भोंग्याची गाडी.

साहेबांना आनंद लपवता येईना. मॉडेलची ही पहिली खरी परीक्षा होती. त्यांनी सगळ्यांना गोळा केलं. "आज कुणीही घरी-दारी फोन करायचा नाही. आपल्याकडून बातमी बाहेर गेली की मोजणी बाटली. उद्यापासून फॉर्म घेऊन निघायचं."

बाई उठून उभ्या राहिल्या. "पुलापलीकडे निदान दहा जणांना निरोप पाठवा ना. तिथले लोक तो जाऊन सांगतील."

"बाई, आकडा चार आहे. आणि तो तुमच्याच फॉर्मांतून आलेला आहे."

खरंच होतं ते. प्रत्येक खूण त्यांच्याच पेन्सिलीची होती.

"गाडी अकराला नक्की जाणार?" त्यांनी विचारलं.

"कागदावर लिहिलंय," साहेब म्हणाले.

साडेअकराला बाई माझ्याजवळ आल्या. "बघ ना, गाडी गेली का?" नगरपालिकेची नोंद माझ्या पडद्यावर दिसायची. मी पाहिलं. पुलापलीकडचा भाग, अकरा वाजता, गाडी रवाना. मी तसं सांगितलं. बाई आपल्या जागेवर गेल्या, पिशवीतून मोबाइल काढला आणि हातात धरून बसल्या. दोनदा त्यांनी तो उघडला, दोनदा बंद केला. माझ्याकडे पाहिलं. त्या मला काही विचारत होत्या, हे मला स्वच्छ कळत होतं.

मी म्हणालो, "राहू द्या बाई. गाडी गेलीये. उगाच पुन्हा मोजणी बाटायची."

त्यांनी मान हलवली, मोबाइल खणात ठेवला आणि खण बंद केला.

आता पुढचं सांगतो, ते ऐका. तोवर मी संडासात जाऊन बायकोला निरोप पाठवून मोकळा झालो होतो. पाणी उकळ, आईलाही सांग, माझं नाव घेऊ नकोस. साहेबांनी बैठक संपल्यावर पाच मिनिटांत गच्चीवर जाऊन घरी आणि सासुरवाडीला फोन केला. टंकलेखिकेने केला, शिपायाने केला, भांडारातल्या कारकुनाने केला. पुढे आम्ही टेकडीवर फॉर्म भरून घेतले तेव्हा 'कुणाकडून कळलं' याच्या उत्तरात आमच्याच ऑफिसातून गेलेले अकरा फोन निघाले. निरोप अपेक्षेपेक्षाही लवकर पसरला, असं साहेबांनी अहवालात लिहिलं. पसरणारच! नियम पाळला तो एकट्या बाईंनी.

आणि गाडी गेलीच नव्हती. भोंगा बिघडून ती दुरुस्तीला पडली होती. नगरपालिकेत नोंद ठेवणाऱ्या कारकुनाला सकाळीच आठवड्याभराच्या नोंदी करून ठेवायची सवय होती. जाणारच आहे तर लिहून ठेवू, एवढाच त्याचा विचार. गाडी पुलावरून पलीकडे गेली ती बुधवारी दुपारी एक वाजता.

गुरुवारी पुलापलीकडच्या एकशे चाळीस जणांना हॉस्पिटलात हलवलं. त्यात ताई होती. तिचं मूत्रपिंड आधीच नाजूक, रोज गोळ्या चालू. जुलाब-उलट्यांनी तिची रया गेली.

बाईंना मीच स्कूटरवरून हॉस्पिटलात नेलं. वॉर्डाबाहेर बाकावर भाची बसली होती, पंचविशीची असेल, हातात ताईचा चष्मा. मावशीला पाहून ती उठली आणि तिच्या गळ्यात पडून रडली. बाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग डोळे पुसून भाचीने सहजच विचारलं. तिच्या मनात काही नव्हतं, याची मला खात्री आहे.

"मावशी, टेकडीवर म्हणे मंगळवारीच कळलं होतं. तुला कधी कळलं?"

बाई एवढं खोटं बोलतील तर बरं, असं मला वाटून गेलं. बुधवारी कळलं म्हणाल्या असत्या, कुणाकडून तरी उडत उडत कळलं म्हणाल्या असत्या. पण जन्मभर दुसऱ्यांची खरी उत्तरं लिहून घेतलेली बाई ती.

"मंगळवारी," त्या म्हणाल्या. "दहा वाजता."

"रात्री?"

"सकाळी."

मी मध्ये पडलो. "अगं, ऑफिसने त्यांना बंदी केली होती. आणि गाडी निघाली असं मीच..." बाईंनी हात वर करून मला थांबवलं.

भाची मावशीकडे बघत राहिली. "इस्त्रीपाशी उकडतं म्हणून आई दिवसभर पाणी पीत असते," ती म्हणाली. "मंगळवारी मी दोनदा बाटली भरून दिली तिला. मावशी, दोनदा भरून दिली मी." मग ती आत गेली आणि तिने दार लोटून घेतलं.

त्यानंतर बाई रोज ऑफिस सुटल्यावर हॉस्पिटलात जायच्या. आई झोपलीये, असं भाची दारातूनच सांगायची. बाई डबा बाकावर ठेवायच्या, तासभर बसायच्या आणि उठून यायच्या. दुसऱ्या दिवशी डबा तिथेच तसाच भरलेला असायचा. एकदाच, भाची औषध आणायला गेली असताना नर्सने त्यांना आत सोडलं. ताई जागी होती. काय बोलणं झालं, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, "काही नाही. वेणी घट्ट घालत जा, म्हणाली." माझ्याकडून उगाच हसलं गेलं. बाईंचे केस तर कधीच आखूड झाले होते.

अकराव्या दिवशी ताई गेली.

बाई तीन दिवस आल्या नाहीत. रजेच्या अर्जात 'घरगुती कारण' एवढंच होतं. आम्हाला बातमी शिपायाकडून कळली, त्याचे कपडे ताईकडे असायचे. बाई परत आल्या तेव्हा आम्ही सगळे खाली मान घालून बसलो. कुणी काही विचारलं नाही आणि बाईंनीही कुणाला काही सांगितलं नाही. पुठ्ठा भिंतीवरच होता. मला वाटलं होतं त्या तो काढून टाकतील.

महिन्याभराने नगरपालिकेने विचारलं की पुलापलीकडे एवढे लोक आजारी पडलेच कसे. साहेबांनी कानावर हात ठेवले आणि मॉडेलची सुधारित आवृत्ती काढायचं ठरवलं. त्यात काय सुधारणा असावी? तिसरी चौकट! 'समोरासमोर सांगितली.' दोन्ही प्रश्नांखाली ती घालायची. साहेबांनी ही कल्पना अशी मांडली की जणू ती त्यांना आंघोळ करताना सुचली. टाळ्या पडल्या. बाई शेवटच्या खुर्चीवर बसून पेन्सिलीला टोक करत होत्या. चार वर्षांचे फॉर्म पुन्हा भरायला मला पुरते नऊ दिवस लागले. नऊच दिवस!

नवीन फॉर्म बाहेर नेण्याआधी तो ऑफिसातच एकमेकांवर करून बघायचा, ही पद्धत बाईंनीच घालून दिलेली. चिठ्ठ्या टाकल्या. माझ्या वाट्याला बाई आल्या. आम्ही भांडाराच्या खोलीत, गठ्ठ्यांच्या मध्ये दोन स्टुलं टाकून बसलो. त्यांनी मला स्वतःची पेन्सिल दिली, कारण माझ्याकडे नव्हती.

"गेल्या दोन महिन्यांत तुम्हाला कळलेली एक बातमी सांगा," मी वाचलं.

"बहीण गेली," बाई म्हणाल्या.

मी पेन्सिल खाली ठेवली. "बाई, दुसरी घेऊ या ना एखादी. ही नुसती चाचणी आहे."

"विचारणाऱ्याने उत्तर निवडायचं नसतं. लिही."

मी लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

"कुणाकडून कळली?"

"मोबाइलवर. टेकडीच्या गटात एकाने विचारलं होतं, कपडे इस्त्रीला कुठे टाकू? खाली एकीने लिहिलं, पुलापलीकडची इस्त्रीवाली वारली, दुसरीकडे बघा."

"किती वाजता?"

"सव्वाचारला. मी धावत गेले, तोवर सगळं आटोपलं होतं. दुकानाला कुलूप होतं. शिंप्याने पाहिलं मला. आत निघून गेला."

प्रश्नाखाली तीन चौकटी होत्या. मी तिसरीवर बोट ठेवून बसलो. विचारायची गरज नव्हती, पण फॉर्म पूर्ण विचारायचाच असतो.

"समोर येऊन कुणी सांगितलं?"

"नाही," बाई म्हणाल्या. "कुणी आलं नाही."

मी पहिल्या, 'मोबाइलवर' या चौकटीत खूण केली. शेजारच्या खोलीत टंकलेखिका साहेबांना हेच प्रश्न विचारत होती आणि दोघं कशाला तरी हसत होती. मी दुसरा प्रश्न वाचला.

"ही बातमी तुम्ही पुढे कुणाला सांगितलीत?"

बाईंनी विचार केला. उत्तर देण्याआधी त्या नेहमीच थोडा विचार करायच्या, चुकीचं काही जाऊ नये म्हणून.

"तुला," त्या म्हणाल्या. "आत्ता, समोर. तिसरीवर खूण कर."